आधी सांगा, रेषा समांतर आहेत का?

शाळेच्या गणितातून काय काय वगळावं याची चर्चा निघाली की कुऱ्हाड हमखास एका ठरलेल्या जागी पडते. सातवीतलं ‘कोन व कोनांच्या जोड्या’, आठवीतलं ‘समांतर रेषा व छेदिका’ आणि नववीत सिद्धतांसकट परत भेटणारं ‘समांतर रेषा’. आरोप पालक करतात, शिकून इंजिनिअर झालेले करतात, आणि स्टाफरूममध्ये गणिताचे शिक्षकही करतात. ही भूमिती कसली, ही तर नावांची यादी, असं त्यांचं म्हणणं. संलग्न कोन, कोटिकोन, पूरककोन, रेषीय जोडी, विरुद्ध कोन, संगत कोन, आंतरव्युत्क्रम, बाह्यव्युत्क्रम, आंतरकोन: पोरांनी काय काय लक्षात ठेवायचं? शिवाय जे डोळ्यांना उघड दिसतं ते सिद्ध कशाला करायचं? कोन हवाच असेल तर कोनमापक आहे, मोजा आणि मोकळे व्हा. परीक्षेसाठी आकृतीतला झेड आणि एफ ओळखता आला की पुरे. आणि एवढं करून शाळेबाहेर छेदिका भेटते कुणाला?

आरोप जुना आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. ही प्रकरणं बऱ्याच वर्गांत वाईट शिकवली जातात, हे मला मान्य आहे. पण वाईट शिकवलं जातं म्हणून काढून टाका हा न्याय लावायचा तर शाळेत फारसं काही उरणार नाही. माझं म्हणणं याच्या उलट आहे. कोनांच्या जोड्या हे शालेय गणितातलं असं पहिलं ठिकाण आहे, जिथे ‘अमुक असेल तर तमुक होईल’ या वाक्यातल्या ‘तर’इतकंच ‘असेल’लाही महत्त्व असतं. भूमितीच्या भाषेत ‘असेल’ म्हणजे पक्ष आणि ‘तर’ म्हणजे साध्य. यादी म्हणून शिकवणारे आणि यादी म्हणून हाकलणारे, दोघेही पक्ष विसरून फक्त साध्य हातात धरतात. भांडण आहे ते या विसरण्याशी.

आधी नावांचं पाहू. ही नावं एका जातीची नाहीत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. कोटिकोन आणि पूरककोन ही नावं मापावरून पडलेली आहेत: बेरीज ९०° तर कोटिकोन, १८०° तर पूरक. ते दोन कोन कुठे आहेत याच्याशी या नावांना देणंघेणं नाही. एक कोन वहीत काढा, दुसरा शेजारच्या मुलाच्या वहीत. बेरीज जमली की ते पूरक झाले. संलग्न, विरुद्ध, संगत, व्युत्क्रम, आंतरकोन ही नावं मात्र जागेवरून पडली आहेत. ती फक्त कोन कुठे बसलेत एवढंच सांगतात, किती अंशांचे आहेत याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. कुठल्याही दोन रेषा घ्या, वेड्यावाकड्या कललेल्या असल्या तरी चालेल, आणि त्यांना एका छेदिकेने छेदा. संगत कोनांच्या चार जोड्या मिळतात म्हणजे मिळतातच. त्या समान असतील की नाही, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न आहे.

‘कोन कुठे आहे’ इथपासून ‘कोन किती आहे’ इथपर्यंतचा प्रवास हा या प्रकरणाचा खरा विषय. दोन रेषा आणि एक छेदिका यांनी आठ कोन होतात, आणि आठ कोनांतून निवडता येणाऱ्या जोड्या २८. त्यांपैकी १२ जोड्या एकाच छेदनबिंदूपाशी असतात. तिथे कसलीही अट लागत नाही: चार जोड्या विरुद्ध कोनांच्या, म्हणून समान, आठ रेषीय जोडीतल्या, म्हणून बेरीज १८०°. उरलेल्या १६ जोड्यांत एक कोन या छेदनबिंदूवरचा, दुसरा त्या. या १६ जोड्यांतल्या कोनांचं नातं काय? नुसत्या आकृतीवरून काहीच सांगता येत नाही. पण कुणी एवढंच सांगितलं की दोन रेषा समांतर आहेत, तर सगळ्या २८ जोड्या एकदम शिस्तीत येतात. १२ जोड्या समान, १६ जोड्यांची बेरीज १८०°. आठ कोनांपैकी एकाचं माप सांगा, उरलेले सात कोनमापक न उघडता मिळतात.

नावांची यादी म्हणून हिणवलं जातं त्या प्रकरणाचा सांगाडा हा एवढाच आहे. एका अटीवर सोळा नाती उभी आहेत. हे मुलाला एकदा दिसलं की पाठ करण्यासारखं फार थोडं राहतं. बाह्यव्युत्क्रम कोनांचं प्रमेय स्वतंत्रपणे घोकायची गरजच नाही. संगत कोनांचं प्रमेय आणि विरुद्ध कोन एवढ्यावर ते दोन ओळींत निघतं. तेव्हा पाठांतराचं ओझं होतं ही तक्रार खरी असली, तरी ते ओझं विषयाने लादलेलं नाही. नाती तोडून नुसती नावं शिल्लक ठेवली म्हणून ते आलं.

आता दुसरा आरोप: उघड गोष्टी सिद्ध करण्याचा. यातलं नेहमीचं उदाहरण विरुद्ध कोनांचं. दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि समोरासमोरचे कोन समान असतात. लहान मूलही सांगेल, मग सिद्धता कशाला? हा प्रश्न विचारणारे आपण पहिलेच नव्हेत. युक्लिडवर भाष्य लिहिणारा प्रोक्लस युडेमसच्या आधाराने सांगतो, की विरुद्ध कोन समान असतात हे प्रथम थेलीसने ओळखलं आणि त्याला सिद्धतेची प्रतिष्ठा युक्लिडने दिली. ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या खंडातलं ते १५वं विधान. म्हणजे दिसणं आणि सिद्ध होणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव ज्या उदाहरणांवर घडत गेली त्यांतलं हे एक आहे. सिद्धता तरी केवढी! पहिला आणि दुसरा कोन मिळून १८०°, दुसरा आणि तिसरा मिळूनही १८०°, म्हणून पहिला आणि तिसरा समान. यात एकाही कोनाचं माप ठाऊक नाही. तरी जगात जिथे जिथे दोन सरळ रेषा एकमेकींना छेदतील, त्या सगळ्या आकृत्यांचा निकाल या दोन ओळींत लागला. मापं ठाऊक नसताना नातं ठाऊक असू शकतं, हे कळणं ही बीजगणिताचीही सुरुवात आहे.

बरं, उघड दिसतं म्हणणाऱ्यांनी एक प्रयोग करावा. १० सेंटिमीटर अंतरावर दोन रेषा काढाव्यात. छेदिकेशी एकीचा कोन ९०°, दुसरीचा आतल्या बाजूने ८९°. आंतरकोनांची बेरीज १७९° भरली. वहीच्या पानावर या रेषा समांतर दिसतील, आणि शाळेच्या कोनमापकाची सर्वांत लहान खूणच एक अंशाची असल्याने त्यावरही भरवसा ठेवता येणार नाही. प्रत्यक्षात या रेषा छेदिकेपासून सुमारे पावणेसहा मीटरवर एकमेकींना भेटतात. फरक एक दशांश अंशाचा ठेवला तर भेट ५७ मीटरवर, म्हणजे शाळेच्या मैदानात. वहीपुरत्या समांतर दिसणाऱ्या रेषा खरोखर समांतर आहेत का, हे डोळा कसा सांगणार? समांतर असणं म्हणजे कितीही लांब वाढवलं तरी न भेटणं. तेवढ्या लांब जाऊन तपासून आलेला माणूस कुठेच नाही.

इथे कोनांच्या जोड्यांचं खरं सामर्थ्य दिसतं, आणि ते उलट्या दिशेने चालतं. समांतर रेषांचे संगत कोन समान असतात, हा झाला गुणधर्म. संगत कोनांची एक जोडी समान असेल तर त्या रेषा समांतर असतात, ही झाली कसोटी. नववीच्या पुस्तकात ‘समांतर रेषांच्या कसोट्या’ म्हणून संगत कोन कसोटी, व्युत्क्रम कोन कसोटी आणि आंतरकोन कसोटी येतात, आणि वर्गात बहुतेक वेळा त्या ‘तेच परत, उलटं’ म्हणून उरकल्या जातात. ते ‘तेच’ नाही. गुणधर्मात समांतरता दिलेली असते. कसोटीत ती मिळवायची असते. अनंतापर्यंत जाणाऱ्या दोन रेषांचं भवितव्य आपल्यासमोरच्या दोन कोनांवरून ठरवता येतं, असं कसोटी सांगते. कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून सरकवत मुलं समांतर रेषा काढतात तेव्हा ती हीच कसोटी वापरत असतात: गुण्याचा कोन बदलत नाही, म्हणून संगत कोन समान, म्हणून रेषा समांतर. हात हे करतो. डोक्याला त्याचं कारण सांगायचं राहून जातं.

‘झेड दिसला की कोन समान, एफ दिसला की कोन समान’ या युक्तीचा समाचार इथेच घ्यायला हवा. तिचे समर्थक म्हणतील, उत्तर तर बरोबर येतं ना? येतं, कारण प्रश्न काढणारा जवळपास नेहमी समांतर रेषाच काढून देतो. युक्ती बरोबर नसते. प्रश्नपत्रिका तिला सांभाळून घेते. एक समलंब चौकोन काढा, अबकड. अब आणि डक या बाजू समांतर आहेत, अड आणि बक नाहीत. आता कर्ण अक काढा. आकृतीत दोन झेड तयार झाले. एका झेडमधले कोन, बअक आणि अकड, समान आहेत. दुसऱ्या झेडमधले, बकअ आणि कअड, समान नाहीत. अक्षर दोन्हीकडे तेच, वळणही तेच. फरक फक्त एवढाच की पहिल्या झेडचे आडवे हात समांतर आहेत आणि दुसऱ्याचे नाहीत. झेड शोधायला शिकलेला मुलगा दोन्ही ठिकाणी बेधडक समान लिहितो आणि कंसात ‘व्युत्क्रम कोन’ असं कारणही देतो. कारण देणं आणि नाव लिहिणं यांत फरक आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

युक्तीने जागा ओळखायला मदत होते हे मी नाकारत नाही. नवख्या डोळ्याला आठ कोनांच्या गर्दीत व्युत्क्रम जोडी सापडत नसेल तर अक्षराचा आधार जरूर द्यावा. पण जागा सापडल्यावर ‘समान’ म्हणायचा अधिकार अक्षराकडे नसून पक्षाकडे आहे. या चुकीची किंमत पुढे मोजावी लागते. दहावीत समरूपतेची को-को कसोटी लावताना दोन कोन समान दाखवावे लागतात आणि ते बहुधा समांतर रेषांमुळेच मिळतात. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° का, याचं उत्तरही शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांनीच मिळतं. आधारातला ‘जर’ गळाला की वरच्या मजल्यावर फक्त सूत्रं उरतात.

आणि हा ‘जर’ किती खोल जातो हे भूमितीचा इतिहास सांगतो. युक्लिडचं पाचवं गृहीतक गणितातलं सर्वाधिक वादग्रस्त वाक्य ठरलं, आणि ते कोनांच्या जोडीबद्दलच आहे. एका रेषेने दोन रेषांना छेदलं आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात, असा त्याचा आशय. युक्लिडने पहिली २८ विधानं या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली. व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर, हे २७वं विधान, त्याशिवायच उभं राहतं. उलट दिशेला, म्हणजे रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान, हे म्हणायला २९व्या विधानात त्याला ते पहिल्यांदा बाहेर काढावं लागलं. कसोटी आणि गुणधर्म ‘तेच परत, उलटं’ नाहीत याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पाचवं गृहीतक इतर गृहीतकांवरून सिद्ध करायची धडपड दोन हजार वर्षं चालली. १७३३ साली इटलीतल्या साकेरीने ते खोटं मानून विसंगती गाठायचा चिवट प्रयत्न केला. अखेर १८२९ मध्ये रशियात लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ मध्ये हंगेरीच्या बोयाईने ते गृहीतक बाजूला ठेवून नवी भूमिती प्रसिद्ध केली. पृथ्वीगोलावर याची चुणूक कुणालाही दिसते. विषुववृत्ताला दोन रेखावृत्तं काटकोनात छेदतात. आंतरकोनांची बेरीज नेमकी १८०°. तरी ती रेखावृत्तं ध्रुवावर भेटतात. सपाट कागदावर जे उघड वाटतं ते गोलावर खोटं पडतं. आठवीच्या मुलाला लोबाचेव्हस्की शिकवा असं कुणी म्हणत नाही. पण ज्या वाक्याने दोन हजार वर्षं गणितज्ञांना झोप लागू दिली नाही, ते ‘उघडच आहे’ म्हणून झटकायचा उद्धटपणा तरी मुलांना शिकवू नये.

राहिला उपयोगाचा आणि ‘मोजा आणि मोकळे व्हा’चा मुद्दा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ काढला. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भरदुपारी सायीन इथे, म्हणजे आजच्या आस्वानात, सूर्य डोक्यावर असे. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीने दाखवलेला कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२° होता. दोन शहरांतलं अंतर ५,००० स्टेडिया, म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया. सावलीतला कोन हाच पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन, हे म्हणायला आधार एकच: सूर्यकिरण समांतर आहेत, उभी काठी ही छेदिका, म्हणून व्युत्क्रम कोन समान. हा हिशेब आपल्याकडेही करता येतो. पुणे आणि नाशिक जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत. अक्षांशांत साधारण दीड अंशाचा फरक, सरळ अंतर सुमारे १६५ किलोमीटर. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस असतो, त्या माध्यान्ही नाशिकमध्ये एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे अडीच सेंटिमीटर पडते. त्यावरून कोन, कोनावरून परीघ: उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतं.

आता कोनमापकवाल्यांना माझा प्रश्न. समजा, पृथ्वी सपाट आहे आणि सूर्य जवळच, सुमारे ४०,००० स्टेडिया उंचीवर, सायीनच्या बरोबर वर टांगलेला आहे असं कुणी म्हणालं. अलेक्झांड्रियातली सावली तेव्हाही ७.२°चीच पडेल. मोजमाप तेच, निष्कर्ष दोन. कोनमापक या वादात निवाडा देऊ शकत नाही, कारण वाद कोनाचा नाहीच. किरण समांतर मानायचे की नाहीत, याचा आहे. पक्ष बदलला की जग बदललं. मोजून मोकळं होता येत नाही ते यासाठी.

मग करायचं काय? सर्वांत आधी, आठवीत पहिली आकृती समांतर नसलेल्या रेषांची काढावी. जोड्यांना नावं द्यावीत, कोन मोजावेत, संगत कोन असमान आहेत हे मुलांनी स्वतः पाहावं. मग एक रेषा हळूहळू फिरवत संगत कोन जुळेपर्यंत आणावी. जागा आणि समानता यांची फारकत एका तासात कळते. दुसरं, प्रश्नपत्रिकेत ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का?’ असा प्रश्न यावा, आणि काही वेळा त्याचं बरोबर उत्तर ‘नाही’ असावं. आपल्याकडच्या मुलाला गणितात ‘सांगता येत नाही’ असं उत्तर लिहायची परवानगीच नसते. आकृती दिली म्हणजे आकडा निघालाच पाहिजे अशी त्याची समजूत होऊन बसते. तिसरं, सिद्धतेत कारण म्हणून नुसतं ‘संगत कोन’ लिहिलं तर गुण देऊ नयेत. कुठल्या दोन समांतर रेषा आणि कुठली छेदिका, हे लिहिल्यावरच कारण पूर्ण धरावं. हे कठोर वाटेल, पण ज्याला अर्धं कारण पुरतं त्याला पुढे कुठलंही कारण पुरतं.

नाव बघून निष्कर्ष काढायची सवय वर्गात लागली की ती वर्गापुरती राहत नाही. वर्तमानपत्रातला आलेख, औषधाची जाहिरात, निवडणुकीतला आकडा, सगळीकडे तोच झेड दिसतो आणि आडवे हात समांतर आहेत का हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न विचारायला शिकवणारं, तेही एक पट्टी, एक गुण्या आणि आठ कोन एवढ्या भांडवलावर, दुसरं प्रकरण शालेय अभ्यासक्रमात मला दिसत नाही. ज्यांना ते काढून टाकायचं आहे त्यांनी आधी तसं दुसरं दाखवावं.